घोडीचा सोमवार

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये मी ज्या मेडिकल दुकानात काम करते, तिथे दिवसभरात एक वाक्य माझ्या तोंडून इतक्या वेळा निघतं की ते बोलताना माझं लक्ष भलतीकडेच असतं. "उपाशीपोटी घेऊ नका." गुडघेदुखीची गोळी असो, पाठदुखीची असो, दाढदुखीची असो, पट्टी पाकिटात घालायची, पाकिटावर पेनाने 'जेवणानंतर' लिहायचं आणि वर तोंडानेही सांगायचं. आमचे सिंधी शेठ हसतात. "बेटी, लिख दिया ना, फिर बोलती क्यूं है?" मी म्हणते, लिहिलेलं वाचतो कोण, शेठ? एवढं शहाणपण मी काउंटरवर पाजळत होते, तेव्हा आमच्या घरची घोडी उपाशीपोटी त्याच गोळ्या खात होती. आणि त्या याच दुकानातून मीच नेत होते.

आमचं घर बदलापूरजवळ खरवईला. सासरची माणसं आगरी, गावातली जुनी. माझं माहेर घाटावरचं. लग्न आमचं आम्ही जमवलेलं, त्यामुळे पहिली दोन वर्षं माझ्या हातच्या भाकरीपासून माझ्या बोलण्यातल्या 'ळ'पर्यंत सगळ्याची टिंगल झाली. सासूबाईंनी मात्र पहिल्या दिवशीच पदरात घेतलं. त्यांना मी आई म्हणायचे आणि ते कधी जड गेलं नाही.

शेतं गेली, टॉवर आले. आमच्या घराच्या दोन्ही अंगांना एकेक टॉवर, मागे त्यांच्या पार्किंगची भिंत, आणि मधल्या बोळासारख्या पट्ट्यात आमचं जुनं घर आणि पत्र्याचा तबेला. बैल होते तेव्हा त्याला गोठा म्हणत, घोडी आली तेव्हा तबेला म्हणायला लागले, पत्रा तोच. ऊन तिथे दुपारी बारा ते एक एवढंच येतं. घोडी बाहेर काढायची तर सोसायटीच्या गल्लीतून काढायची, आणि त्या गल्लीला सोसायटीने साखळी लावलेली. आपल्याच जुन्या शेतातून घोडी न्यायला वॉचमनला हाक मारावी लागते, हे सासऱ्यांना अजून पचलेलं नाही.

घोडी जमिनीच्या पैशांतली. भावकीतल्यांनी मोठ्या गाड्या घेतल्या, आमच्या बाबांनी पांढरी घोडी घेतली. सासऱ्यांना घरात सगळे बाबाच म्हणतात. गावोगावच्या हळदींना ते तिला न्यायचे. डीजे लागला की ती पाय उचलून नाचायची, आणि बाबा लगाम धरून असे उभे राहायचे की नवरा मुलगा कोण हा प्रश्न पडावा. घरी तिची उस्तवार आईंकडे. सकाळची पहिली भाकरी घोडीची, दुसरी बाबांची. यावर बाबा रोज कुरकुरायचे आणि रोज तिसऱ्या भाकरीची वाट बघायचे.

मग एका दसऱ्याला तिचा पुढचा पाय सुजला. बाबांनी डॉक्टर बोलावला नाही. मला म्हणाले, "माजे गुडघ्याची गोली आनतेस ना, तीच तिला आन. जरा जादा आन." मला हसू आलं. माणसाला एक तर घोडीला मूठभर, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला आणि पट्ट्या घेऊन आले. गोळ्या गुळात दाबायच्या, लाडू वळायचा, तिच्या जिभेवर ठेवायचा. सूज उतरली, पण गोळी चालूच राहिली. बाबांची स्वतःची तरी कुठे बंद झाली होती? त्यांच्या लेखी गुडघ्याची गोळी म्हणजे औषध नव्हेच. बडीशेप खातात तशी ते ती खातात.

पौषात आई गेल्या. दोन वर्षं डायलिसिसवर होत्या, त्यामुळे अचानक काही झालं नाही, तरी घर बसलंच. सोमवार होता. पहाटे गेल्या. दिवसभर माणसांची रीघ, मग स्मशान, मग आंघोळी. संध्याकाळी बाबा तबेल्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी बघायला गेले तर ते गव्हाणीसमोर उभे. सकाळी कोणीतरी टाकलेलं गवत तसंच होतं, कोंडा तसाच, शेजारणीने दिलेली भाकरीही तशीच. घोडी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"तिनी तोंड नाय लावला," बाबा म्हणाले. "दिसभर. तिला समाजला."

आणि रडले. सकाळपासून हा माणूस रडला नव्हता. तिरडी उचलताना नाही, अग्नी देताना नाही. घोडीच्या मानेत तोंड खुपसून ते लहान मुलासारखे रडले, आणि दारात उभी राहून मीही रडले.

ती गोष्ट दुसऱ्या दिवशीच गावात पसरली. दहाव्याला आलेले पाहुणे आधी आईंच्या फोटोला हार घालायचे आणि मग तबेल्यात घोडी बघायला जायचे. बायका तिच्या कपाळाला हात लावून तो हात आपल्या ओठांना लावायच्या. लिदीच्या वासाची तक्रार करणारी टॉवरमधली मंडळीसुद्धा मोबाइल घेऊन आली. बाबा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे: सकाळचं गवत, कोंडा, भाकरी, भिंतीकडचं तोंड. सांगताना त्यांचा आवाज एका ठरावीक जागी फुटायचा. मी चहा घेऊन तिथे उभी असले की मला ती जागा आधीच कळायची, आणि तरी दर वेळी चहा द्यायचा सोडून मी ऐकत राहायचे.

तेराव्यानंतर बाबांनी सोमवार धरला. रविवारी जेवल्यावर सोमवारी दिवेलागणीपर्यंत काही नाही. आणि घोडीचाही सोमवार. रविवारी रात्री गव्हाण झाडून रिकामी करायची, ती सोमवारी देव्हाऱ्यात दिवा लागल्यावर भरायची. फक्त गोळीचा गूळ तेवढा चुकायचा नाही, कारण गूळ उपासाला चालतो. त्या गुळात गोळी आहे, आणि ती उपाशी पोटात जाते आहे, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण मी ते काउंटरवरच ठेवून घरी येत होते. म्हातारा आणि घोडी दोघं दिवसभर उपाशी एकमेकांसमोर बसलेले बघून मला भरून यायचं. खोटं कशाला सांगू?

त्या पावसाळ्यात घोडीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. कोंड्याला तोंड लावायची आणि अर्धा टाकायची. उगाच दात खायची, रिकाम्या तोंडाने जांभया द्यायची, वरचा ओठ दुमडून उभी राहायची. पोटाचा पट्टा आवळायला गेलं की मान वळवून चावायला यायची. पूर्वी कधी तिने कोणाला दात लावला नव्हता. बाबांचं उत्तर तयार असायचं. दात खाल्ले तरी आठवण, जांभई दिली तरी आठवण, चावली तरी आठवणच. "तिची भाकरी कोन देतो आता तिला?" म्हणायचे. मी देत होते की रोज. पण माझी भाकरी या घरात मोजणीत कधी धरली गेली नाही.

शेवटी दिवाळी उलटल्यावर मीच डॉक्टर बोलावले. अंबरनाथ पूर्वेला त्यांचा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे, पण उमेदीतली बरीच वर्षं त्यांनी मुंबईत घोड्यांमध्ये काढलेली. रविवारी सकाळी आले. तबेल्यात शिरायला त्यांना अंग चोरावं लागलं. डोळे, हिरड्या पाहिल्या, पोटाला नळी लावून दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकलं, लीद काडीने उकलली. मग विचारलं, "खाणं कधीपासून कमी झालं?"

बाबांनी पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. सकाळचं गवत, कोंडा, भाकरी. आवाज त्या जागी फुटला. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते, त्यांनी मध्ये तोडलं नाही. सोमवारच्या उपासाचं आलं तेव्हा मात्र म्हणाले, "बाबा, घोड्याला उपाशी ठेवत नाहीत हो. आपल्या पोटात जेवताना आम्ल येतं, त्याच्या पोटात चोवीस तास झिरपत असतं. ते शोषायला गवत लागतं. नाहीतर आतून जखमा होतात. अल्सर."

"माजा सोमवार देवाचा हाय," बाबा म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "संशय अल्सरचा येतोय. नक्की बघायचं तर लांब नळीचा कॅमेरा पोटात घालावा लागतो, तो इकडे नाही. मुंबईला न्यावं लागेल, टेम्पोतून, आणि आदल्या रात्रीपासून परत उपाशी ठेवून. या अवस्थेत मी सांगणार नाही. दुसरा रस्ता म्हणजे संशयावरच औषध सुरू करायचं. महिनाभर. बरी झाली तर तेच होतं असं धरायचं." त्यांनी नळी गळ्यात टाकली. "एक सांगा. ही खाईनाशी झाली त्याच्या आधीपासून काही गोळ्या वगैरे? दुखण्याच्या?"

त्या क्षणी मला सगळं एका रांगेत दिसलं. दसऱ्याला गोळी सुरू झाली. पौषात आई गेल्या. मधले तीन महिने रोज मूठभर. त्या सोमवारी घोडी भिंतीकडे तोंड करून का उभी असेल, ते माझ्यासमोर आलं, आणि शेजारी बाबा दोर धरून उभे होते, गालावरचं पाणी अजून पुसलेलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

बाबांनीही मान डोलावली. त्यांना खरंच वाटत होतं की काही नाही.

"मग आधी जंत आणि दात बघू," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या संशयावर महिनाभराचं औषध उगाच नको." जंताचं औषध देऊन, दाढा कानशीने घासून ते गेले. मी साखळी काढायला वॉचमनला हाक मारली आणि त्यांच्या गाडीमागे बघत राहिले. एका शब्दाने मी घोडीला होती त्याच जागी परत उभी केली होती.

पुढचे पंधरा-वीस दिवस मला कशातच थारा नव्हता. बाबांना म्हटलं, गोळ्या संपल्यात, कंपनीकडूनच माल येत नाहीये. दुसऱ्या दिवशी ते बदलापूर स्टेशनजवळच्या दुकानातून घेऊन आले आणि वर मला म्हणाले, "तुजे शेठला सांग, दुकान बंद कर." जंताच्या औषधाने काही फरक पडला नाही. उलट एका सोमवारी दिवा लागला, बाबांनी हौसेने गव्हाण भरली, आणि घोडीने वासही घेतला नाही. ती बसायला गेली. त्या जागेत तिला नीट अंग टाकता येत नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गवताच्या पेंढ्या. अर्धी बसली, उठली, मान वळवून आपल्या पोटाकडे बघत राहिली, परत बसली. बाबा तिच्या कानाशी आईंचं नाव घेत होते. मला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडून सांगणार काय होते?

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कंपनीतून शिफ्ट करून आलेला, पाय बादलीत सोडून बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबांना बोलू नको. ते त्याच्यावरच उभे आहेत." मी म्हटलं, "आणि घोडी?" तो म्हणाला, "घोडी काय, म्हातारीच आहे." मग त्यालाच ते लागलं. टॉवेल घेऊन आत गेला. घरात कोणी वाईट नव्हतं, हीच तर अडचण होती. कोणी वाईट असतं तर मी भांडले असते. भांडायला मी कोणाला हार जात नाही.

मीच एका दुपारी दुकानातून लवकर सुटून अंबरनाथला डॉक्टरांकडे गेले. बाहेर बाकावर एक बाई मांजर घेऊन बसली होती, तिच्यामागे नंबर लावला. आत गेल्यावर उभ्यानेच सांगून टाकलं. गोळीचं नाव, रोजच्या किती, कधीपासून, आणि सोमवारी गुळातून उपाशीपोटी. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही मेडिकलमध्ये आहात ना?" एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "आता संशय बळावलाय. पण संशयच. कॅमेरा घातल्याशिवाय कोणी छातीठोक सांगणार नाही. औषध देऊ. मात्र तीन गोष्टी. गोळी बंद. उपास बंद. आणि तोंडासमोर गवत, चोवीस तास. हे होणार नसेल तर औषध नेऊ नका. एका हाताने मलम लावायचं आणि दुसऱ्या हाताने ओरबाडायचं, त्यात अर्थ नाही."

म्हणजे औषध द्यायचं की नाही हा प्रश्न औषधाचा राहिलाच नव्हता. स्कूटीवरून खरवईपर्यंत मी थापा रचत आले. भटजींनी सांगितलंय की मुक्या जनावराचा उपास घरच्यांना लागतो. आई स्वप्नात आल्या आणि म्हणाल्या, तिला जेवायला घाला. ही दुसरी तर इतकी बेमालूम होती की बाबांनी लगेच ऐकलं असतं, वर अजून एक गोष्ट गावाला सांगितली असती. घराजवळ येईपर्यंत मी ती जवळजवळ पाठ केली. पण साखळीपाशी थांबल्यावर मला माझीच शिसारी आली. आईंच्या तोंडी खोटं घालायचं, आणि तेही माझं पाप झाकायला?

बाबा तबेल्यात होते. घोडीच्या मानेवरून ब्रश फिरवत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. आपण हिला गोळ्या देतो ते सांगितलंच नाही. त्या गोळ्यांनीच पोटात जखमा होतात. तिचं दुखणं ते असणार."

"माजी गोली?" ते म्हणाले. "ती काय करते? मी खातो ना रोज."

"तुम्ही जेवून खाता. आणि तुम्ही एक खाता. ही रोज मूठभर खाते, सोमवारी तर उपाशीपोटी."

ब्रश फिरत राहिला. मला वाटलं, एवढ्यावर निभावलं. मग तो हात हळू झाला. बाबांनी अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि मोजायला लागले. दसरा. दिवाळी. तुळशीचं लग्न. पूस. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला.

"म्हंजे त्या सोमवारी पन..."

"असेल," मी म्हणाले. "नसेलही. तिला आईंचा लळा होताच ना. नक्की कोणालाच सांगता नाही येणार, बाबा."

"पोट दुखत व्हता तिचा," ते म्हणाले.

टॉवरमध्ये कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. बाबा पेंढ्यांवर बसले आणि खाली बघत बोलायला लागले. इतकं सलग ते माझ्याशी तोवर कधीच बोलले नव्हते.

"त्या दिशी मी जेवलो व्हतो. तुला म्हाईत नाय, कोनालाच म्हाईत नाय. मसनातून येताना एकानी गाडी थांबवली. मी दोन वडापाव खाल्ले. च्या पिली. भूक लागली व्हती गो. ती तिकरं जलते आनी मी इकरं खातंय. घरी आलो तर ही उपाशी. मला वाटला, हिनी माजी लाज राखली. मी खाल्ला, पन हिनी नाय खाल्ला. घरातल्या एकानी तरी तिचेसाठी अन्न सोरला. म्हनून सोमवार धरला. एकट्यानी धरायची लाज वाटत व्हती, म्हनून हिला घेतली संगती."

मी त्यांच्या शेजारी पेंढीवर बसले. घोडी दात खात होती, तो आवाज दोघांनाही ऐकू येत होता आणि आज पहिल्यांदा त्याचा अर्थ दोघांनाही एकच लागत होता. मी म्हटलं, "गोळ्या मी आणल्या, बाबा. सांगायचं काम माझं होतं."

"मागितल्या मी," ते म्हणाले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी अर्धी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. "औषद आन."

दुसऱ्या दिवशी औषध सुरू झालं. मोठ्या पिचकारीत भरलेला लगदा, सकाळी चाऱ्याआधी जिभेच्या मुळाशी सोडायचा. बाबांनी ते काम कोणाला करू दिलं नाही. पहिल्या रविवारी रात्री मी मुद्दाम बघत होते. ते खराटा घेऊन नेहमीसारखे गव्हाणीशी गेले, उभे राहिले, आणि खराटा कोपऱ्यात ठेवून गवताची पेंढी सोडली. सोमवारी ती दिवसभर खात होती. बाबा मात्र ओटीवर उपाशी बसले होते, तबेल्याकडे पाठ करून.

दुसऱ्या आठवड्यात तिने कोंडा संपवला. तिसऱ्या आठवड्यात पट्टा आवळला तरी मान वळवली नाही. डोळ्यांत तेज आलं, केस चमकायला लागले. मला हायसं वाटत होतं आणि बाबांकडे बघवत नव्हतं. ती जितकी सुधारत होती, तितकं त्या सोमवारचं उत्तर पक्कं होत होतं. एकदा पिचकारी धुताना माझ्या मनात येऊन गेलं की हे औषध लागू पडलं नसतं तर बरं झालं असतं. घोडी आजारी राहिली असती, पण म्हाताऱ्याची गोष्ट राहिली असती. असा विचार माझ्या डोक्यात येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

औषधाचा महिना पुरा होता होता आईंचं वर्षश्राद्ध आलं. बाबांनी फार आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी मी आणि घोडी पाणीसुद्धा घेणार नाही. आता त्याबद्दल ते चकार शब्द काढत नव्हते आणि मी विचारत नव्हते. सकाळपासून पाहुणे यायला लागले. अंगणात मांडव घातलेला, चुलीवर भात, आणि दोन टॉवरच्या मधल्या त्या पट्ट्यात शंभर माणसं दाटीवाटीने उभी. मी पत्रावळींचा गठ्ठा घेऊन तबेल्याशेजारून जात होते, तेवढ्यात आईंची एक मामेबहीण आपल्या सुनांना घेऊन तिथे आली.

"हीच गो ती," ती सुनांना म्हणाली. "ताई गेली त्या दिशी हिनी अन्न सोरला व्हता. भावजी, सांगा ना यांना, कसा झाला ता."

बाबा घोडीजवळच होते. आजूबाजूच्या बायका सरकून जवळ आल्या, एकीने मोबाइल काढला. घोडीचं कोणाकडे लक्ष नव्हतं. ती गवत चघळत होती. मी तिथेच थांबले. बाबा आता काय म्हणतील? 'हो' म्हणाले असते तर मी जन्मभर गप्प बसले असते, आणि ते म्हणावेत असंच मला वाटत होतं.

"तिचा पोट दुखत व्हता," बाबा म्हणाले. आवाज कुठे फुटला नाही. "आमाला समाजला नाय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मोबाइलवाली तो तसाच धरून राहिली. बाबांनी खाली वाकून सांडलेलं गवत गोळा केलं आणि परत गव्हाणीत टाकलं. मग माझ्या हातातल्या गठ्ठ्यातली एक पत्रावळ ओढून घेतली, मांडवात गेले आणि पहिल्या पंगतीला आईंच्या फोटोसमोर मांडी घालून बसले. सगळे बघत होते.

"भात वार गो बाय," ते मला म्हणाले. "भूक लागली हाय."

मी वाढला. त्यांनी परत मागितला, तो पण वाढला.